डावीकडचा लिव्हर

कोणतीही वस्तू हातात आली, की तो आधी डोळे मिटायचा. मग उजव्या हाताची पहिली दोन बोटं तिच्या कडेवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचा आणि डोळे न उघडताच निकाल द्यायचा, "अर्धा सूत जास्त हाय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या निकालावर विश्वास न ठेवता पट्टी लावून पाहणारे पुष्कळ होते. मीही त्यांतला. माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या कडेवर बोटं टेकवून त्यानं सांगितलं, मागचा डावा पाय आखूड आहे. मी पट्टी आणली. पाय आखूड होता, आणि तो म्हणाला तेवढाच.

"डोला फसतो, पेपरवाले. बोट नाय फसत."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी बोईसरला एका दैनिकाचा बातमीदार होतो. राहायला सरावलीत, कामगारांच्या चाळीत. तो माझ्यापासून दोन खोल्या सोडून राहायचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, तिथे तो फिटर. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तो मला पेपरवाले म्हणायचा. नावाची गरज आम्हा दोघांना कधी पडली नाही, म्हणून इथेही देत नाही.

तुम्ही त्या वर्षांत सरावलीहून बोईसरच्या बाजारात जाणाऱ्या रस्त्यानं गेला असाल, तर त्याला पाहिलं असेल. निदान त्याची गाडी पाहिली असेल. ती एकदा पाहिलेला माणूस विसरत नसे.

तो किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातला. बाप, काका, दोघे भाऊ, सगळे दर्यावर. हा होडीत बसला की ओकायचा. बाराव्या वर्षी बापानं त्याला कायमचं जमिनीवर उतरवलं. त्याची बायको ही गोष्ट चाळीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायची.

"कोल्याचा पोर नि पान्याला भितो. म्हनून लोखंडाशी लगीन लावलं ह्यानं. मी दुसरी."

तो कानस घासत राहायचा. मान वर न करता म्हणायचा, "पयली बोलत नाय, म्हनून टिकलीय."

बायको बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. पहाटेच्या एसटीनं सासरच्या गावी जाऊन बंदरावरून पाटी भरायची आणि परतीच्या एसटीनं यायची. कंडक्टर चांगला असेल तर पाटी मागच्या दाराशी ठेवू द्यायचा. नसेल तर उतरवायचा, कारण पाणी गळतं, वास येतो. उतरवलं की पाच-सहा मैल डोक्यावर पाटी घेऊन चालत. एकदा भर रस्त्यात पाटीसकट खाली उतरवल्यावर तिनं कंडक्टरला काय सुनावलं हे ती मोठ्या रंगात सांगायची. पण त्या दिवशी आधी ती त्याच्या पाया पडली होती, हे तिनं सांगितलं नाही. ते नवऱ्यानं मला सांगितलं.

"ह्या कंडक्टरच्या पाया पडायचं बंद करायचंय," तो म्हणाला. "गाडी बनवतो."

गाडी कोणती, हे त्याच्या मनात पंचवीस वर्षं पक्कं होतं. लहानपणी तो बापाबरोबर डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत मासळी द्यायला जायचा. वाडीच्या म्हाताऱ्या मालकाच्या ओसरीत एक विलायती मोटारसायकल उभी असे. म्हणजे सायकलच, पण वरच्या दोन दांड्यांच्या मध्ये चपटी, कडा गोल केलेली टाकी, खाली पायडलच्या जवळ लहानसं इंजिन आणि मागच्या चाकाला चामड्याचा पट्टा. म्हाताऱ्यानं एकदा त्याला म्हटलं, हात लाव. त्यानं हात लावला. तेवढंच.

मी रद्दीतून एक जुनं परदेशी मासिक शोधून आणलं. त्यात अशाच गाडीचा फोटो होता. त्यानं फोटो पाहिला, डोळे मिटले, कागदावरून बोटं फिरवली आणि मासिक परत दिलं.

"टाकी चुकलीय. येवढी जाड नव्हती."

"अहो, हा खऱ्या गाडीचा फोटो आहे."

"मग त्यांनी बनवताना चुकवली."

तीन वर्षं ही गाडी बनत होती. चौकट एका जुन्या काळ्या सायकलची. इंजिन चिकूच्या वाडीत फवारणीसाठी पाठीवर बांधतात त्या पंपाचं, वाडीवाल्यानं मोडीत काढलेलं. टाकी तांब्याच्या फुटक्या बंबाच्या पत्र्याची. तो पत्रा त्यानं पडवीत बसून लाकडी हातोडीनं ठोकून वळवला. रोज संध्याकाळी दीड तास. चाळीतल्या बायका म्हणायच्या, मिस्त्रीच्या घरी रोज कासाराचं दुकान उघडतं.

त्याच्या पडवीत काय होतं ते नेमकं सांगतो. लोखंड धरून ठेवायचा एक वाइस, दोन कानशी, लोखंड कापायची करवत, दोन हातोड्या, सोल्डरिंगची कांडी आणि स्टोव्ह. यंत्र एकही नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लेथचं, म्हणजे फिरत्या धातूला कापून आकार द्यायचं काम, कारखान्यात व्हायचं. पट्ट्याची चाकं, इंजिन बसवायचे ब्रॅकेट, नळ्या जोडायचे आटे, टाकीचं नक्षीदार झाकण. टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत लेथवर उत्तर प्रदेशातल्या बलियाचा एक टर्नर हे सगळं उतरवून द्यायचा. वसाहतीत त्या काळी असं घरचं काम सगळीकडे चालायचं. कोणी पोळपाटाचे पाय करून न्यायचं, कोणी देवघराच्या घंटेचा लोलक. करणाऱ्यांना, पाहणाऱ्यांना, सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पकडलं तर दुसऱ्या दिवशी गेट बंद, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

टर्नर रोज विचारायचा, "मिस्त्री, आपका घोड़ा कब दौड़ेगा?"

"पैर तो पूरे बनने दो, भैया."

भाग बाहेर यायचे जेवणाच्या डब्यातून. तीन ताळी डबा. सगळ्यांत खालच्या ताळात लोखंड, मधल्यात सुक्या बोंबलाचं कालवण थोडं मुद्दाम उरवलेलं, वर भाकरीचे तुकडे. सुटण्याच्या वेळी गेटवरचा वॉचमन प्रत्येकाचा डबा उघडायला लावायचा. ह्याचं पहिलं झाकण निघालं की तो तोंड फिरवायचा, "बंद कर, बंद कर! ले जा!" वॉचमन शाकाहारी होता. पुढे बऱ्याच दिवसांनी मला कळलं की त्याला पहिल्या महिन्यातच सगळं उमगलं होतं. तरी तो तोंड फिरवत राहिला.

मागच्या चाकावर पट्टा चालायला मोठं कडं लागतं. ते डब्यात मावेना. मग त्यानं ते सहा तुकड्यांत केलं, एकेक तुकडा डब्याच्या गोलाईएवढा, आणि घरी रिव्हेट मारून जोडलं. त्या गाडीचा लेथवर झालेला एकही भाग डब्याच्या ताळापेक्षा मोठा नव्हता. ओसरीतल्या विलायती गाडीचा आराखडा कोणी विलायती इंजिनियरनं केला असेल. ह्या गाडीचा आराखडा डब्यानं केला.

"माझ्या बोंबलावर गाडी हुबी राह्यली," बायको म्हणायची. "माझं नाव घाला पेपरात."

गाडी पुरी झाली त्या रविवारी सकाळी चाळ रस्त्यावर आली होती. टाकी घासून लखलखीत. सगळे ब्रॅकेट कुंभवलीच्या एका माणसानं निकेलचं पाणी चढवून दिलेले. उजव्या मुठीखाली अंगठ्यानं दाबायचा रेसचा लिव्हर, पितळेचा, चिंचेच्या बोटकाएवढा. मागे पाटीसाठी पत्र्याचं खोलगट बसकं, त्याला पाणी गळून जायला नळी, ती नळी चाकापासून दूर वळवलेली. त्यानं पायडल मारलं, दहा-बारा पावलं गेला, लिव्हर दाबला. फटफट सुरू झाली. टर्नर टोपी उडवून ओरडला, "दौड़ा! दौड़ा!"

बायको पाटी घेऊन तयार होती. बसकं बघून म्हणाली, "पाटी बसंल. मी कुठं बसू?"

तीन वर्षांत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तू एसटीनं ये," तो म्हणाला. "आता पाटी नाय, तर कंडक्टर उतरवनार नाय."

चाळ खूप वेळ हसत होती. पण दुसऱ्या दिवसापासून खरंच तसं झालं. पहाटे तो गाडीवर बंदरावर जाऊन तिनं भरलेली पाटी आणायचा, बाजारात उतरवायचा आणि कामावर जायचा. ती रिकाम्या हातानं एसटीत बसायची, तिकीट काढायची. रस्त्यात पोलीस दिसला की तो इंजिन बंद करून पायडल मारत पुढे जायचा. पोलिसांनाही ते ठाऊक होतं.

मी त्याच्यावर लिहिलं. त्याची परवानगी घेतली होती. त्यानं एकच अट घातली. "कारखान्याचं नाव नको. आनि भाग कुठं बनले ते पन नको. त्या भैयाची नोकरी जाईल."

मी तसंच लिहिलं आणि पाकीट दुपारच्या गाडीनं मुंबईला पाठवलं. संध्याकाळी डेस्कवरून फोन आला. भाग त्यानं कुठे बनवले? वाचक विचारतील. ही जागा भरून दे, नाहीतर मजकूर राहील.

मेडिकलच्या दुकानात फोन होता. मागे औषधाला गिऱ्हाइकं उभी होती. मी एक वाक्य सांगितलं. नुसतं 'घरी बनवले' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तपशील दिला की वाक्य खरं वाटतं, हे मी या धंद्यात शिकलो होतो. म्हणून मी तपशील दिला.

चौथ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. बायकोनं कात्रण काचेत बसवून देवाच्या शेजारी लावलं. त्यानं ते डोळे उघडे ठेवून दोनदा वाचलं. माझ्या वाक्यापाशी थांबला, हसला.

"माझ्या घरी लेथ हाय? मला सांगितलं नाय कुनी."

"तुमच्यासाठीच लिहिलं."

"चांगलं हाय. कोन येतंय बगायला."

तीन आठवड्यांनी, दुपारी, मला निरोप मिळाला की वसाहतीत एका कामगाराच्या हाताला अपघात झाला आहे, खासगी दवाखान्यात आणलंय. अशा बातम्या आठवड्याला येत. मी वही घेऊन गेलो. व्हरांड्यात टर्नर बसला होता. त्याच्या शर्टाची पुढची बाजू लाल होती. त्याला काही झालेलं नव्हतं.

मी त्याला विचारलं, "कौन?"

त्यानं आत बोट केलं.

मिस्त्रीचा उजवा हात बांधून छातीवर ठेवला होता, पांढरा, उशीएवढा. बायको पायांशी उभी. बाजारातून तशीच आलेली, हातांना खवले चिकटलेले. मला बघून तो शुद्धीत असल्यासारखा नीट बोलला.

"प्रेसची डाय बघत होतो. डबल मारला."

हे समजावून सांगायला हवं. पायाखालची पट्टी एकदा दाबली की प्रेसचा दट्ट्या एकदा खाली येतो, वर जातो आणि थांबतो. आतला एक तुकडा झिजला की तो कधी कधी थांबत नाही. न दाबता दुसऱ्यांदा येतो. ती प्रेस डबल मारते, असं त्यानं कारखान्यात दोनदा सांगितलं होतं. हात आत जाऊ नये म्हणून समोर जाळी असते. तिच्यामुळे काम सावकाश होतं, म्हणून ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मालाची कड खरखरीत येत होती. डायची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याची, धार गेली आहे का, ते तो बघत होता.

मी विचारलं, "कसं बघत होता?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. तरी माझ्या हातातल्या वहीनं मला पुन्हा विचारायला लावलं.

"डोळे मिटून?"

"हां," तो म्हणाला.

तीच दोन बोटं. पहिलं आणि मधलं, आणि अंगठ्याचं वरचं पेर.

मी बाहेर आलो. कारखान्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हा नियम. मेडिकलच्या दुकानातून फोन लावला. व्यवस्थापक स्वतः बोलले. आवाज सभ्य, घाई नाही.

"आमच्याकडे अपघात झालेला नाही. तो जेवणाच्या सुट्टीनंतर घरी गेला होता. हाताचं घरीच झालं असणार."

"त्याच्या घरी असं काही नाही, ज्यात हात सापडेल."

"असं कसं म्हणता? तुम्हीच लिहिलंय."

कागदाचा आवाज आला. मग त्यांनी मला वाचून दाखवलं. सावकाश, स्वल्पविरामाला थांबत.

"'सरावलीतील आपल्या राहत्या घरी, लहानशा लेथवर आणि हातप्रेसवर, त्याने हे सर्व भाग स्वतः घडवले.' वाक्य तुमचंच ना?"

मी फोन कानाला धरून उभा होतो. समोर काचेच्या कपाटात खोकल्याच्या बाटल्यांची रांग होती. त्या मी मोजल्या. किती होत्या ते आज आठवत नाही. मोजल्या हे आठवतं.

"हो," मी म्हणालो.

"मग मी वेगळी काय प्रतिक्रिया देऊ?"

लेथ पुरेसा होता. प्रेस मी कुठून आणली? मला ठाऊक आहे कुठून आणली. तो ज्या कारखान्यात होता तिथे प्रेस होत्या, म्हणून मला तो शब्द ठाऊक होता. एवढंच कारण.

चौकशी पंधरा दिवसांनी ठरली. सरकारी कामगार अधिकारी कारखान्याच्या ऑफिसात येणार होते; कात्रण माझं, म्हणून मलाही बोलावलं होतं. प्रश्न एकच होता: बोटं कुठे गेली? कारखान्यात, की घरी? कारखान्यात म्हटलं तर नुकसानभरपाई आणि पुढचं सगळं कायद्यानं त्याच्या बाजूला. घरी म्हटलं तर काहीच नाही.

आदल्या दिवशी मी त्याच्या पडवीत गेलो. टर्नर आधीच तिथे उकिडवा बसला होता.

"मी सांगतो," मी म्हणालो. "ते वाक्य मी रचलं. घरी यंत्र नव्हतं."

"मैं भी बोलूँगा," टर्नर म्हणाला. "मेरे सामने हुआ. मैंने उठाया."

मिस्त्री डाव्या हातानं टाकी पुसत होता. जिथे आधीच चकचकीत होतं तिथेच पुसत होता.

"घरी यंत्र नव्हतं, तर भाग कुठं बनले?" त्यानं मला विचारलं. "ह्ये इचारतील ना ते?"

त्यानं फडकं उलटं करून पुन्हा पुसायला घेतलं.

"लेथ कोन चालवतो, ह्ये इचारतील. गेटवर कोन बसतो, ह्ये पन इचारतील."

"तो वेगळा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"तुमच्या वहीत येगला आसंल," तो म्हणाला. रागानं नाही.

बायको आतून म्हणाली, "पेपरवाले, तुमी उद्या खरं सांगा. ह्याचं ऐकू नका. ह्याला आयुष्यभर कंडक्टरवानी कुनाला उतरवता आलं नाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौघे होतो. अधिकारी, व्यवस्थापक, तो आणि मी. टेबलावर माझं कात्रण, काचेखाली. मी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. वाक्यं मनात जुळवली होती. पण आधी त्याला विचारलं गेलं.

"दुखापत कुठे झाली?"

"घरी, साहेब."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. अधिकाऱ्यांनाही वाटलं असावं. त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा विचारलं.

"घरी. हातप्रेसवर. पेपरात लिवलंय ते खरं हाय."

"ती प्रेस आता कुठे आहे?"

"इकली साहेब. भंगारात. पुन्हा तोंड बघायचं नव्हतं तिचं."

इतकं नेटकं खोटं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तपशीलही दिला होता. ते तो माझ्याकडूनच शिकला असेल का, हा विचार मला तिथेच आला आणि मग कधी गेला नाही.

अधिकारी माझ्याकडे वळले. "आपलं काही म्हणणं?"

खिडकीतून गेटजवळचं सायकल स्टँड दिसत होतं. टर्नरनं गाडी पायडल मारत आणून तिथे लावली होती. मिस्त्रीला मागच्या बसक्यावर बसवून. मागच्या चाकावर सहा तुकड्यांचं कडं होतं, प्रत्येक तुकडा डब्याच्या मापाचा. पुरावा शंभर पावलांवर उभा होता आणि तो वाचता येणारी खोलीत दोनच माणसं होती.

"नाही," मी म्हणालो.

गेटवर वॉचमन उठून उभा राहिला. अशा वेळी तो कधी उठत नसे. आम्ही बाहेर आलो. मी रस्त्यातच मिस्त्रीला अडवलं. माझा आवाज चढला होता.

"का? का असं केलंत?"

"दोन बोटं गेली ती गेली," तो म्हणाला. "त्यापायी आजून दोगांचे हात कशाला काढायचे?" मग थोडं चालून म्हणाला, "आनि तुमी खोटं लिवलं म्हनून छापून आलं असतं, तर तुमाला पुन्हा कोन सांगनार काय?"

टर्नर आणि वॉचमन यांच्यानंतर वाचवायचा तिसरा माणूस त्यानं मला धरलं होतं. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मी दुरुस्ती लिहून पाठवली. चार ओळी. डेस्कवरून फोन आला.

"तक्रार कोणाची आहे?"

"कोणाची नाही."

"तो माणूस म्हणतोय चूक आहे?"

"तो म्हणतोय बरोबर आहे."

"मग दुरुस्ती कशाची?"

ती छापली गेली नाही. मीही पुन्हा पाठवली नाही.

महिन्याभरात त्याची नोकरी सुटली. कागदावर त्यानं स्वतःहून सोडली. पडवीतला कानशीचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण वेगळा, थांबून थांबून. एक दिवस मी गेलो तेव्हा गाडीचं पुढचं सगळं खोललेलं होतं. रेसचा पितळी लिव्हर उजवीकडून काढून तो डाव्या मुठीखाली बसवत होता. उजवीकडे ब्रेकची नवी दांडी आली होती. बोटांनी ओढायची नव्हे, तळहातानं रेटायची; पळीसारखी रुंद आणि चपटी. ती त्यानं घरी, वाइसमध्ये धरून, एका हातानं घडवली होती. त्या गाडीचा माझ्या वाक्याप्रमाणे घरी बनलेला तो एकच लोखंडी भाग.

त्यानं डोळे मिटले. डाव्या हाताची दोन बोटं दांडीच्या कडेवरून फिरवली. पुन्हा फिरवली. डोळे उघडून पट्टी लावली. मी त्याला पट्टी लावताना कधी पाहिलं नव्हतं.

"ह्या हाताला शिकवतोय," तो म्हणाला. "येडा हाय. येक सूत चुकतो."

भिंतीवर देवाशेजारी कात्रण होतं. मी बायकोला म्हटलं, ते काढून टाका.

"का?" ती म्हणाली. "ह्यांचा हात त्याच्यात आख्खा हाय."

पहाटेची पाटी पुन्हा गाडीवरून येऊ लागली. बायको एसटीत तिकीट काढून बसत राहिली. तेवढं मात्र थांबलं नाही. वर्षभरानं माझी बदली झाली. निघताना मी त्याला भेटायला गेलो, तो बाजारात गेला होता. मी थांबू शकलो असतो. गाडी चुकेल म्हणून थांबलो नाही.

नव्वदच्या दशकात, हायवेवरच्या एका अपघाताची बातमी करून परतताना, मी मनोरच्या बाजारात चहाला थांबलो होतो. समोर कोंड्याच्या दुकानाशी ती गाडी उभी होती. टाकीला पोचे आले होते, निकेल उडालं होतं. मागच्या बसक्यात कोंड्याचं पोतं. डोंगराकडचा एक शेतकरी ते दोरीनं आवळत होता. मी जवळ गेलो. मागच्या चाकावरचे तुकडे मोजले. सहा.

"कुठून घेतली?"

"बोईसरशी. मासलीवाल्या बाईकडून. नवरा गेला तिचा."

"कधी?"

"दोन पावसाले झाले." मी गाडीकडेच बघतोय हे पाहून त्याला वाटलं, मला गाडीत खोट दिसतेय. त्यानं घाईघाईनं पुढे सांगितलं, "गाडी सगली बेस हाय. येकच हाय, रेस उलट्या हाताला. आनि ह्यो ब्रेक बघा केवडा, पलीवानी. बनवनाराची चूक झाली आसंल."

"चूक त्याची नाही," मी म्हणालो.

"मंग?"

मी त्याला सांगितलं. कोंड्याच्या दुकानासमोर उभं राहून, सगळं. लेथ कुठला होता, डबा किती ताळांचा होता, प्रेस डबल मारते म्हणजे काय, जाळी कुठे टेकवलेली होती, बोटं कुठे गेली. आणि एक वाक्य कोणी लिहिलं. ओळखपाळख नसलेल्या त्या माणसानं दोरीचं टोक हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं. मग उजव्या बाजूच्या रुंद दांडीवर तळहात ठेवला, ती रेटून पाहिली. आजवर तो ती बोटांनी ओढत होता.

"तरीच," तो म्हणाला. गाडीवर बसता बसता त्यानं विचारलं, "मंग ह्ये पेपरात आलं आसंल ना?"

मी काही म्हणायच्या आत त्यानं पायडल मारलं. दहा-बारा पावलांवर डाव्या अंगठ्यानं लिव्हर दाबला. इंजिन लागलं, आणि पोतं घेऊन गाडी हायवेकडे गेली.